भविष्यविचाराची सार्वजनिक पाठशाळा

युरोपीय संघाच्या परिषदेचे अध्यक्षपद सदस्य राष्ट्रांकडे सहा-सहा महिन्यांच्या मुदतीने पाळीपाळीने येते. २०१९ सालच्या उत्तरार्धात ही पाळी फिनलंडकडे होती, आणि डिसेंबरात मुदत सरत आली तेव्हा त्या देशाच्या सरकारने युरोपातील नागरिकांना निरोपाची भेट म्हणून एक अभ्यासक्रम देऊ केला. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे नेमके काय, तिच्या हातून काय होऊ शकते व काय होऊ शकत नाही, आणि तिच्या प्रसाराने मनुष्याच्या रोजगारात, राज्यकारभारात व खाजगी आयुष्यात पुढील काळी कोणते पालट संभवतात, हे ज्याला संगणकाची भाषा येत नाही आणि शाळेतले गणितही जो बव्हंशी विसरला आहे अशा मनुष्याला घरबसल्या, विनामूल्य आणि त्याच्या स्वतःच्या भाषेत शिकवावे, संघाच्या चोवीसही अधिकृत भाषांत त्याची भाषांतरे व्हावीत, आणि २०२१ अखेरपर्यंत संघातील शंभर माणसांमागे एकाने तरी हे शिक्षण घ्यावे, असा संकल्प त्या वेळी जाहीर झाला.

या अभ्यासक्रमाचा जन्म मात्र सरकारी दफ्तरात झालेला नव्हता. हेलसिंकी विद्यापीठातील संगणकशास्त्राचे प्राध्यापक टेमू रोस आणि त्यांचे सहकारी यांनी ‘रिअ‍ॅक्टर’ या तंत्रज्ञान-कंपनीच्या साहाय्याने तो रचला आणि २०१८च्या मे महिन्यात ‘एलिमेंट्स ऑफ एआय’ या नावाने सर्वांसाठी खुला केला. फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख, म्हणजे मुंबई शहराच्या निम्म्याहूनही कमी. तिच्यातील एक टक्का, म्हणजे ५५ हजार माणसे शिकवावीत, हा मूळचा संकल्प होता. एक टक्का हे प्रमाण ऐकावयास क्षुल्लक वाटते. परंतु शंभरातील एक माणूस जाणता झाला तर प्रत्येक मोठ्या कचेरीत, प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक शाळेच्या शिक्षकवृंदात आणि बहुतेक प्रत्येक नातेगोत्यात असा एक तरी मनुष्य सापडतो, की ज्याला शेजाऱ्याने शंका विचारावी आणि ज्याने थाप न मारता तिचे उत्तर द्यावे. सार्वजनिक ज्ञान समाजात मुरते ते बहुधा अशाच वाटेने. नाव नोंदविणाऱ्यांची संख्या लवकरच त्या आकड्याच्या पलीकडे गेली. पुढे जगातील १७० हून अधिक देशांतून दहा लाखांवर लोकांनी आपली नावे नोंदविली, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. संगणकशास्त्राच्या वर्गांत स्त्रियांची संख्या सर्वत्रच किती तोकडी असते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या एका आकड्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

हा उपक्रम फिनलंडातच का उपजला, याचा विचार करू लागले म्हणजे त्या देशाच्या पूर्वेतिहासाकडे वळणे भाग पडते. उत्तरेकडील थंडीने गारठलेला, शतकानुशतके प्रथम स्वीडनच्या व नंतर रशियाच्या झारच्या अंमलाखाली राहिलेला हा देश. तेथील शेतकऱ्यांच्या बोलीला सरकारी कामकाजात स्थान देण्याचे फर्मान झार दुसरा अलेक्झांडर याने काढले ते १८६३ साली. परंतु वाचनाची सक्ती त्याच्याही फार पूर्वीची होती. धर्मप्रश्नावली वाचता आल्यावाचून विवाहाला संमती द्यावयाची नाही, असा लूथरपंथी चर्चचा दंडक होता, आणि फिनिश भाषेतील पहिली कादंबरी म्हणून जिचा गौरव होतो ती आलेक्सिस किवी यांची १८७० सालची ‘सात भाऊ’ ही कृती अक्षरओळखीच्या जाचाने रानावनात पळून जाणाऱ्या आणि अखेरीस वाचावयास शिकून शहाण्या होणाऱ्या सात भावांचीच कथा आहे. १८८९ साली कांगासाला येथे प्रौढांसाठी पहिले लोकविद्यालय उघडले. कुळवाड्यांची मुले हिवाळ्यात तेथे येऊन इतिहास, नागरिकशास्त्र आणि हिशेब शिकू लागली. ज्या राष्ट्राने आपले स्वातंत्र्य येण्याच्या आधीच आपल्या भाषेत प्रौढशिक्षणाची अशी घडी बसविली, त्याला संगणकयुगाच्या आरंभी संपूर्ण समाजाला शिकविण्याची कल्पना सुचावी, यात नवल वाटण्याजोगे काही नाही.

आणखी एका संस्थेचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सोव्हिएत संघ कोसळला, त्याच्याशी चालणारा फिनलंडचा व्यापार बुडाला, बँका डबघाईस आल्या आणि बेकारीने कळस गाठला. उद्याचा दिवस कसा उजाडेल याची कोणालाच कल्पना नव्हती हे उघड झाले, तेव्हा त्या देशाच्या संसदेने १९९३ साली ‘भविष्य समिती’ स्थापन केली. प्रथम तात्पुरती असलेली ही समिती २००० साली कायम झाली. तिचे सदस्य सतरा, सर्व पक्षांतून निवडलेले. सरकारने प्रत्येक कारकीर्दीत राष्ट्राच्या दूरच्या भविष्याविषयी एक अहवाल संसदेपुढे ठेवावयाचा आणि समितीने त्याची छाननी करून आपले मत मांडावयाचे, अशी तेथील वहिवाट आहे. अर्थसंकल्प, कायदे, विश्वासदर्शक ठराव यांत गुरफटलेल्या लोकप्रतिनिधींना निवडणुकीच्या मुदतीपलीकडे पाहावयास लावणारी ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते. प्रतिनिधींनी भविष्याचा विचार करावा असे म्हटले, की त्यांना निवडून देणाऱ्यांनीही तो करावा हे ओघानेच येते.

आता हा अभ्यासक्रम आतून कसा आहे ते पाहू. एकंदर सहा प्रकरणे आहेत. दुसऱ्या प्रकरणाच्या आरंभी जे कोडे येते ते मराठी वाचकाच्या लहानपणापासून ओळखीचे आहे. नावाड्याला वाघ, शेळी आणि गवताचा भारा नदीपार न्यावयाचा आहे. नावेत एका वेळी एकच जिन्नस मावतो. वाघाजवळ शेळी एकटी ठेवता येत नाही आणि शेळीजवळ गवत ठेवता येत नाही. फिनलंडच्या पाठात वाघाच्या जागी कोल्हा, शेळीच्या जागी कोंबडी आणि गवताच्या जागी दाण्यांचे पोते आहे, आणि नाव वल्हविणारा एक यंत्रमानव आहे, एवढाच फरक. आपण हे कोडे घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आणि युक्ती सुचली म्हणून सोडविले. येथे मात्र विद्यार्थ्याला युक्ती शोधावयास सांगत नाहीत. नाव, कोल्हा, कोंबडी आणि पोते यांपैकी प्रत्येक गोष्ट या तीरावर किंवा त्या तीरावर असू शकते, म्हणून एकंदर सोळा अवस्था संभवतात. त्यांतील ज्यांत कोणी कोणाला खाऊन टाकील त्या खोडून काढल्या म्हणजे दहा उरतात. मग या दहांपैकी कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाता येते त्याच्या रेघा कागदावर ओढावयाच्या, आणि आरंभापासून शेवटापर्यंतची सर्वांत आखूड वाट शोधावयाची. सात फेऱ्यांत काम होते. हे चित्र स्वतःच्या हाताने काढून झाले, की यंत्र बुद्धिबळाची चाल कशी निवडते किंवा नकाशावरचा रस्ता कसा सुचविते याचा मूळ गाभा शिकणाऱ्याच्या हाती येतो, आणि यंत्राच्या अंगी काही गूढ शक्ती वसते हा त्याच्या मनातील भ्रम पुष्कळसा ओसरतो.

यापेक्षाही महत्त्वाचे प्रकरण तिसरे आहे. थॉमस बेझ नावाचा एक इंग्रज धर्मोपदेशक अठराव्या शतकात होऊन गेला. त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, त्याच्या मित्राने त्याचा संभाव्यतेवरील एक निबंध प्रसिद्ध केला, आणि नवीन पुरावा हाती आला असता आपल्या पूर्वीच्या समजुतीत किती फरक करावा हे सांगणारा नियम त्याच्या नावाने रूढ झाला. अभ्यासक्रमात हा नियम एका उदाहरणाने शिकविला आहे, आणि ते उदाहरण मी येथे जरा विस्ताराने देतो, कारण माझ्या मते सगळ्या अभ्यासक्रमाचे मर्म त्यात आहे. समजा, शंभर स्त्रियांत पाच जणींना स्तनांचा कर्करोग आहे. तपासणीचे यंत्र असे आहे, की रोग असलेल्या शंभरांपैकी ऐंशी जणींत ते रोग दाखविते, आणि रोग नसलेल्या शंभरांपैकी दहा जणींतही चुकून दाखविते. आकडे शिकविण्याच्या सोयीसाठी गृहीत धरलेले आहेत. आता एका स्त्रीच्या तपासणीत रोग दिसला, तर तिला खरोखर रोग असण्याचा संभव किती? ज्याला ज्याला हा प्रश्न विचारावा तो बहुधा ऐंशी टक्के असे सांगतो.

हिशेब करून पाहावा. एक हजार स्त्रिया घ्या. त्यांतील पन्नास रोगी आणि साडेनऊशे निरोगी. पन्नासांपैकी चाळीस जणींचा रोग यंत्राने पकडला. साडेनऊशेंपैकी पंचाण्णव जणींवर यंत्राने विनाकारण शिक्का मारला. म्हणजे ‘रोग आहे’ असा दाखला हाती आलेल्या स्त्रिया एकशे पस्तीस, आणि त्यांतील खरोखर रोगी चाळीसच. संभव तीस टक्क्यांहूनही किंचित कमी. यावरून तपासणी निरुपयोगी आहे असे कोणी समजू नये. शंभरात पाचाचा संभव तीसवर गेला, म्हणजे पुढील तपासणी अगत्याची झाली. परंतु ऐंशी आणि तीस यांतील जे अंतर आहे त्यात त्या स्त्रीच्या किती रात्री काळजीत जातील, किती कुटुंबे घाबरी होतील आणि किती अनावश्यक उपचार होतील, याचा विचार केला म्हणजे हे गणित प्रत्येक सुजाण मनुष्याला यावयास हवे, याविषयी शंका उरत नाही.

मनुष्यजातीच्या भविष्याशी या तपासणीचा संबंध काय, असे वाचक विचारील. संबंध साक्षात आहे. भविष्याविषयी जे जे काही आपल्या कानांवर येते ते सारे अपुऱ्या पुराव्यावरून बांधलेल्या अनुमानांच्या रूपानेच येते. ऑक्सफर्डचे तत्त्वचिंतक टोबी ऑर्ड यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या ‘द प्रेसिपिस’ या ग्रंथात असा अंदाज वर्तविला, की पुढील शंभर वर्षांत मनुष्यजातीवर सर्वनाश ओढवण्याचा किंवा तिचे भवितव्य कायमचे खुंटण्याचा संभव सहात एक इतका आहे. हा अंदाज वाचून एक मनुष्य भयाने हातपाय गाळून बसतो आणि दुसरा थोतांड म्हणून पुस्तक मिटून टाकतो. ज्याने संभाव्यतेचा तो धडा गिरविला आहे तो तिसरा मनुष्य मात्र निराळेच प्रश्न विचारतो: हा सहात एक कोठून आला? यांतील अणुयुद्धाचा वाटा किती, साथीच्या रोगांचा किती, कृत्रिम बुद्धिमत्तेचा किती? कोणत्या वाट्यामागे प्रत्यक्ष अनुभवाचा आधार आहे आणि कोणता लेखकाच्या अंतःप्रेरणेवर उभा आहे? नवी घटना घडली तर हा आकडा वर जाईल की खाली येईल? ऑर्ड यांनी स्वतःही आपले आकडे धोक्याच्या आकारमानाची कल्पना येण्यापुरते आहेत असेच बजावले आहे. असे प्रश्न विचारू शकणारा नागरिक घडविणे, हे मी भविष्यशिक्षणाचे खरे प्रयोजन समजतो.

आपल्या महाराष्ट्रात भविष्याची भूक थोडी नाही. पंचांगावाचून आपले पान हलत नाही आणि वृत्तपत्रातील राशिफळ वाचणारे घरोघर आहेत. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी काही वर्षांपूर्वी नरेंद्र दाभोलकर आदी सहकाऱ्यांसह पुण्यात एक चाचणी घेतली होती, तिचे स्मरण येथे होते. शाळेत चमकणाऱ्या हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या जन्मवेळा घेऊन पत्रिका मांडण्यात आल्या, आणि ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका देऊन कोणती पत्रिका कोणत्या गटातील मुलाची ते ओळखावयास सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठविली, आणि नाणे उडवून जेवढी उत्तरे बरोबर आली असती त्याहून अधिक यश एकंदरीत त्यांच्या पदरी पडले नाही. नारळीकरांनी ज्योतिषांची निंदा करण्यात शब्द खर्चिले नाहीत. चाचणी कशी घ्यावी, नोंद कशी ठेवावी आणि अनुमान कसे काढावे याचा त्यांनी पाठ घालून दिला. फिनलंडच्या वर्गात जे शिकविले जाते ते याहून निराळे नाही.

अभ्यासक्रमाच्या शेवटच्या प्रकरणात भविष्यकथनाचा प्रश्न थेट हाताळलेला आहे. तेथे पुढील पन्नास वर्षांचे चित्र रंगविण्याचा मोह रचनाकारांनी टाळला आहे. यंत्रे उठाव करून माणसांना गुलाम करतील ही चित्रपटांतील कल्पना त्यांनी तपासून बाजूला सारली आहे, आणि पक्षपाती निर्णय देणारी गणितसूत्रे, बनावट चित्रे व ध्वनिमुद्रणे, खाजगीपणाचा भंग आणि रोजगाराचे पालटते स्वरूप या आजच उभ्या असलेल्या प्रश्नांकडे विद्यार्थ्याचे लक्ष वेधले आहे. ज्या प्रश्नांचे उत्तर एका शब्दात होत नाही ते विद्यार्थ्याने आपल्या शब्दांत लिहावयाचे असतात, आणि ते तपासण्याचे काम इतर विद्यार्थीच करतात. आपण लिहिले, ते कोण्या अनोळखी माणसाने वाचले, त्याचे आपण वाचले: हेलसिंकीतील परिचारिकेचे उत्तर तिकडे लिस्बनमधील निवृत्त शिक्षकापुढे जावे, अशी ही रचना आहे. नव्वद टक्के प्रश्नांची उत्तरे दिली आणि त्यांतील निम्मी बरोबर आली, म्हणजे प्रमाणपत्र मिळते.

तरीही या प्रकरणाबाबत माझे पूर्ण समाधान झालेले नाही. या यंत्रांची मालकी कोणाची, त्यांच्यामुळे जमणारी संपत्ती व सत्ता कोणत्या मोजक्या हातांत एकवटते, आणि नागरिकाने आपल्या प्रतिनिधीमार्फत तिच्यावर अंकुश कसा ठेवावा, या प्रश्नांना तेथे मिळालेली जागा अपुरी आहे. अभ्यासक्रमाच्या उभारणीत एका कंपनीचा हात असल्याने हेतूविषयी संशय घ्यावा असे मी म्हणत नाही; त्या कंपनीने आपला पैसा व माणसे खर्चून लोकांना मोफत विद्या दिली, हे उपकारच आहेत. परंतु भविष्य शिकविणारा गुरू कोण आहे आणि त्या भविष्यात त्याचा स्वतःचा वाटा काय आहे, हे विद्यार्थ्याने विचारावयास शिकणे हाही शिक्षणाचाच भाग होय, आणि सरकार, विद्यापीठ, धर्मसंस्था अथवा व्यापारी कंपनी यांपैकी कोणालाही त्यातून सूट मिळता कामा नये.

संगणकावरून शिकविण्याची पद्धत काही जादूची कांडी नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. २०११ सालच्या शरदात स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सेबास्टियन थ्रन आणि गूगलमधील पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला वर्ग सर्व जगासाठी खुला केला, तेव्हा सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नावे घातली. पुढील वर्षी कोर्सेरा व एडएक्स या संस्था निघाल्या आणि विद्यापीठांच्या भिंती आता कोसळणार अशी भाकिते झाली. एडएक्सच्या पहिल्याच विद्युन्मंडलांच्या वर्गात सुमारे १ लाख ५५ हजार नावे होती. उत्तीर्ण झाले ७,१५७. हे प्रमाण पुढेही सुधारले नाही. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या अशा वर्गांचा जो आढावा २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यात २०१७-१८ मध्ये शंभर नोंदणीकृतांमागे जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पुरा केल्याचे दिसते. याहून खेदाची गोष्ट पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २०१३ सालच्या पाहणीतून पुढे आली: त्याच्या वर्गांत शिकणाऱ्यांपैकी ८३ टक्के लोक आधीच पदवी वा पदविका मिळविलेले होते. ज्यांच्यासाठी दरवाजा उघडला ते बाहेरच राहिले, आणि ज्यांच्या घरी दिवे होते त्यांनीच आणखी दिवे नेले. फिनलंडचाही युरोपविषयक संकल्प ठरल्या मुदतीत पुरा झाला नाही; संघातील शंभरांत एक म्हणजे पंचेचाळीस लाख माणसे, आणि साऱ्या जगातील नोंदणी मिळूनही तो आकडा गाठला गेला नव्हता.

या अपयशाचे कारण लोकांचा आळस हे नव्हे. एकटा मनुष्य, दिवसभराच्या कामाने थकलेला, परक्या भाषेत, पडद्यापुढे बसून, कोणी विचारणारे वा हटकणारे नसताना किती काळ नेटाने शिकेल? शिकण्याला संगत लागते. इंग्लंडात १९६९ साली मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली आणि १९७१ पासून नभोवाणी व दूरचित्रवाणीवरून पाठ सुरू झाले, तेव्हा त्याच्या चालकांनी गावोगावी अभ्यासकेंद्रे आणि मार्गदर्शक शिक्षक नेमले ते यासाठीच. आणि आपल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून हीच पद्धत अंगीकारली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिच्यापुढेही हेच तत्त्व होते. उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोक एका ठिकाणी जमतात, वक्त्याचे ऐकतात, परतताना वाटेत त्यावर वाद घालतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. पडद्यावरच्या अभ्यासक्रमाला या परतीच्या वाटेवरील वादाची जोड मिळाली पाहिजे.

मराठीत असे काम करावयास साधनांची वाण नाही. केंद्र सरकारने २०१७ साली ‘स्वयम्’ ही अभ्यासक्रमांची व्यवस्था उभी केली आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने इंटेल कंपनीच्या साहाय्याने २०२१ साली कृत्रिम बुद्धिमत्तेचा चार तासांचा प्राथमिक परिचयपाठही सर्वांना खुला केला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली आकाराला आलेला मराठी विश्वकोश आज महाजालावर कोणालाही फुकट वाचता येतो, आणि १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या शाखा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. १९६७च्या कायद्यान्वये मान्यता पावलेली हजारो सार्वजनिक ग्रंथालये गावोगावी आहेत, आणि त्यांपैकी कितीतरी ठिकाणी दुपारच्या वेळी वृत्तपत्र चाळणाऱ्या चार वृद्धांखेरीज कोणी नसते. चार तासांच्या परिचयपाठाने ओळख होते. विचार करावयाची सवय लागावयास मात्र सहा-आठ आठवड्यांची संगत हवी. म्हणून माझी सूचना अशी आहे, की विद्यापीठ, विज्ञान परिषद आणि ग्रंथालये यांनी मिळून मनुष्याच्या पुढील शतकाविषयी एक मराठी अभ्यासक्रम रचावा. हवामानाचा पालट आणि कोकणची किनारपट्टी, साथीचे रोग, वृद्धांची वाढती संख्या, पाणी आणि ऊस, विचार करणारी यंत्रे आणि कारकुनाची नोकरी, हे त्याचे विषय असावेत. उदाहरणे सांगलीच्या पुराची आणि मराठवाड्याच्या अवर्षणाची असावीत. पाठ पडद्यावर असावा आणि चर्चा ग्रंथालयाच्या टेबलाभोवती व्हावी. भाषांतराने हे साधणार नाही. नावाड्याच्या कोड्यात वाघ आणि शेळी आली पाहिजेत.

असा अभ्यासक्रम तयार होईतो कोणी थांबून राहण्याचेही कारण नाही. फिनलंडचा अभ्यासक्रम इंग्रजीत आजही विनामूल्य उपलब्ध आहे आणि त्याचे इंग्रजी बारावी झालेल्या कोणासही झेपण्यासारखे आहे. ज्या वाचकाला ते वाचता येते त्याने आपल्या गावच्या ग्रंथपालाकडून आठवड्यातील एका संध्याकाळसाठी खोली मागून घ्यावी, ज्यांना इंग्रजी येत नाही अशी पाच-सहा माणसे बोलवावीत, सहा प्रकरणे सहा आठवड्यांत त्यांना मराठीतून समजावून सांगावीत, आणि तिसऱ्या आठवड्यात फळ्यावर तो एक हजार स्त्रियांचा हिशेब स्वतः न मांडता त्यांच्याकडून मांडवून घ्यावा.